सल्ला देणाऱ्याच्या धावा मोजायच्या का?

नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर २ नोव्हेंबर २०२५ रोजी, मध्यरात्रीच्या सुमारास, भारतीय महिला संघाने दक्षिण आफ्रिकेचा ५२ धावांनी पराभव केला आणि एकदिवसीय क्रिकेटचा विश्वचषक प्रथमच जिंकला. त्यानंतर उसळलेल्या जल्लोषातील एक दृश्य पुढे कित्येक दिवस दूरचित्रवाणीवर दाखवले जात होते. कर्णधार हरमनप्रीत कौर प्रशिक्षक अमोल मुझुमदार यांच्याजवळ गेली, वाकून त्यांच्या पाया पडली आणि मग त्यांना बिलगून रडली.

गुरूपुढे शिष्याने वाकावे यात आपल्याकडे नवल नाही. मात्र या गुरू-शिष्यांच्या कारकिर्दीचे आकडे शेजारी शेजारी मांडले, की प्रकरण इतके सरळ राहत नाही. हरमनप्रीतच्या नावावर दीडशेहून अधिक एकदिवसीय सामने आहेत. २०१७ च्या विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाची गोलंदाजी फोडून काढत तिने केलेल्या नाबाद १७१ धावा आजही विसरल्या गेलेल्या नाहीत. मुझुमदार यांचे आंतरराष्ट्रीय सामने शून्य. भारताची टोपी त्यांच्या डोक्यावर कधी चढलीच नाही. मग ज्याने तो दाब, ती गर्दी, तो प्रसंग स्वतः कधी अनुभवला नाही, त्याने तो अनुभवलेल्यांना काय शिकवावे? आणि त्यांनी तरी ते का ऐकावे?

विश्वचषक हाती आल्यावर हा प्रश्न विचारणे अप्रस्तुत वाटेल. पण त्याच स्पर्धेत दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया आणि इंग्लंड यांच्याकडून लागोपाठ तीन पराभव झाले, तेव्हा तो विचारला जात होता आणि तो विचारण्याची भाषाही फारशी सभ्य नव्हती. उपांत्य फेरीत ३३९ धावांचे लक्ष्य गाठता आले नसते, तर आज तोच प्रश्न मथळ्यात असता.

मुझुमदार यांची कहाणी मुंबईकरांना तोंडपाठ आहे. १९८८ मध्ये हॅरिस शील्ड स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात शारदाश्रमच्या सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी ६६४ धावांची अभेद्य भागीदारी केली, तेव्हा पुढचा फलंदाज म्हणून पॅड बांधून बसलेला मुलगा तोच. त्याची पाळी आलीच नाही. पुढे १९९४ मध्ये रणजी पदार्पणात हरियाणाविरुद्ध त्याने २६० धावा केल्या. प्रथम श्रेणी पदार्पणातील तो तेव्हाचा जागतिक विक्रम होता. तेथून १७१ प्रथम श्रेणी सामने, ११ हजार १६७ धावा, ३० शतके आणि मुंबईचा कर्णधार म्हणून २००६-०७ चा रणजी करंडक. एवढे करूनही द्रविड, तेंडुलकर, लक्ष्मण, गांगुली यांच्या पिढीत मधल्या फळीत जागा रिकामी झाली नाही. तेव्हा मुझुमदार यांना 'कमी दर्जाचा खेळाडू' म्हणणे हे नुसत्या आकड्यांपुरतेच खरे आहे. तरीही ऑक्टोबर २०२३ मध्ये त्यांची नेमणूक झाली, त्या वेळी बातम्यांमध्ये 'भारताकडून कधीही न खेळलेले' हे विशेषण त्यांच्या नावामागे नेमाने लागले होते. या विशेषणात माहिती कमी आणि शेरा अधिक असतो.

हा शेरा केवळ प्रेक्षकांच्या मनातला नाही. मे २०२४ मध्ये पुरुष संघाच्या मुख्य प्रशिक्षकपदासाठी भारतीय क्रिकेट नियामक मंडळाने जाहिरात दिली, तिच्यातील पहिली अट किमान ३० कसोटी किंवा ५० एकदिवसीय सामने खेळल्याची होती. अर्थात पुढे 'किंवा' होते. कसोटी दर्जाच्या देशाचे दोन वर्षे प्रशिक्षकपद, आयपीएलसारख्या स्पर्धेतील संघाचा अथवा प्रथम श्रेणी संघाचा तीन वर्षांचा अनुभव, किंवा मंडळाचे तिसऱ्या स्तराचे प्रमाणपत्र असलेल्यालाही अर्ज करता येत होता. म्हणजे न खेळलेल्यांना दार बंद नव्हते. मात्र घराचे पुढचे दार कोणते आणि मागचे कोणते, हे अटींच्या क्रमावरून कळत होते.

ड्रेसिंग रूममध्ये ही उतरंड आणखी पक्की असते. तेथे बोलण्याचा अधिकार धावांनी आणि बळींनी मिळतो. 'तुम्ही स्वतः किती कसोटी खेळलात?' हा प्रश्न प्रत्येक भाषेत, प्रत्येक देशात विचारला गेला आहे. ऑस्ट्रेलियाचे जॉन बुकानन हे त्याचे ठळक उदाहरण. क्वीन्सलंडकडून अवघे सात प्रथम श्रेणी सामने खेळलेला हा गृहस्थ १९९९ मध्ये जगातील सर्वांत बलाढ्य संघाचा प्रशिक्षक झाला. त्यांच्या काळात ऑस्ट्रेलियाने २००३ आणि २००७ चे विश्वचषक एकही सामना न गमावता जिंकले. तरीही ७०८ कसोटी बळी घेणाऱ्या शेन वॉर्नने त्यांना कधी जुमानले नाही. खेळाडूंना मैदानावर नेणाऱ्या बसपलीकडे आंतरराष्ट्रीय संघाला प्रशिक्षकाची गरज नाही, अशा अर्थाचा विनोद वॉर्नच्या नावावर आजही सांगितला जातो. २००९ मध्ये कोलकाता नाइट रायडर्ससाठी बुकानन यांनी एकाहून अधिक कर्णधारांची कल्पना मांडली, तेव्हा सुनील गावसकर यांनी तिच्यावर कडाडून टीका केली. त्या मोसमात कोलकात्याचा संघ तळाला राहिला आणि बुकानन यांना जावे लागले. वॉर्नचा विनोद खरा मानायचा की दोन विश्वचषक खरे मानायचे, हे ज्याचे त्याने ठरवावे. वॉर्नला बुकानन यांची गरज नव्हती हे शक्य आहे. वॉर्न हा काही सर्व खेळाडूंचा नमुना नव्हे.

सल्ल्याचे सर्वांत निखळ उदाहरण मात्र कोणत्याही प्रशिक्षकाचे नाही. डिसेंबर २०१९ मध्ये सचिन तेंडुलकरने एक आठवण जाहीरपणे सांगितली आणि त्यातील माणसाचा शोध घेण्याचे लोकांना आवाहन केले. एका कसोटीच्या वेळी चेन्नईच्या हॉटेलात तो उतरला होता. त्याने कॉफी मागवली. ती घेऊन आलेला कर्मचारी भीत भीत म्हणाला, की तुमच्या खेळाबद्दल एक गोष्ट बोलायची आहे. तुम्ही हातावर ते कोपराचे संरक्षक कवच घालता, तेव्हा तुमच्या बॅटचा झोका बदलतो. सचिन चकित झाला. ही अडचण त्याला स्वतःला जाणवत होती, परंतु ती त्याने जगात कोणालाही सांगितलेली नव्हती. मैदानावरून खोलीवर परतल्यावर त्याने त्या कवचाचा आकार, आतील गादीची जाडी आणि पट्ट्यांची जागा बदलून ते नव्याने तयार करवून घेतले.

या प्रसंगाकडे 'मोठ्या माणसाचा नम्रपणा' म्हणून पाहिले जाते. त्यात नम्रता होती हे खरेच. पण त्यापेक्षा अधिक महत्त्वाची बाब वेगळी आहे. त्या कर्मचाऱ्याला जे दिसले, ते त्या वेळच्या संघातील कोणी बोलून दाखवले नव्हते. का? तो काही सहकाऱ्यांपेक्षा क्रिकेट अधिक जाणत नव्हता. त्याने एकाच फलंदाजाची खेळी वर्षानुवर्षे, पुन्हा पुन्हा आणि कदाचित भक्तिभावाने पाहिली होती. त्यामुळे कवच असलेला सचिन आणि कवच नसलेला सचिन यांतील फरक त्याच्या डोळ्यांत भरला. सहकाऱ्याला स्वतःच्या फलंदाजीची चिंता असते. समालोचकाला दर षटकानंतर दुसरे काही बोलायचे असते. एकच गोष्ट पाहत राहण्याची सवड त्यांपैकी कोणाला नसते.

शिवाय खेळाडू स्वतःला पाहू शकत नाही, ही साधी शारीरिक मर्यादा आहे. फलंदाजाचे डोळे चेंडूवर असतात. आपले डोके किती कलले, मागचा पाय किती सरकला, बॅट यष्टिरक्षकाकडून खाली येते की गलीच्या दिशेने, हे त्याला 'जाणवते', दिसत नाही. आणि जाणीव फसवी असते. सूर हरवलेल्या फलंदाजाला बहुधा आपण पूर्वीसारखेच खेळत आहोत असे मनापासून वाटत असते. ही उणीव भरून काढण्यासाठी बाहेर उभा असलेला, जाणता आणि खरे बोलणारा डोळा लागतो. त्या डोळ्याच्या मालकाने स्वतः शतके ठोकलेली असलीच पाहिजेत, असे नाही.

मुंबई क्रिकेटला हे फार आधी उमगले होते. दादर युनियनचे वासू परांजपे यांची प्रथम श्रेणी कारकीर्द २९ सामन्यांची. गावसकरांना 'सनी' हे नाव त्यांनी दिले, हे सर्वश्रुत आहे. पण त्यांचे मोठेपण त्या नावापुरते नाही. गावसकरांच्या पिढीपासून पुढच्या कित्येक पिढ्यांतील फलंदाज अडले, की वासूंकडे जात. २०२१ मध्ये ते गेले, तेव्हा त्यांना श्रद्धांजली वाहणाऱ्यांच्या कसोटी धावांची बेरीज करायला कागद पुरला नसता. रमाकांत आचरेकर तर प्रथम श्रेणीचा अवघा एक सामना खेळले होते. शिवाजी पार्कवर यष्टीवर रुपयाचे नाणे ठेवून 'बाद करणाऱ्याचे, नाबाद राहिलास तर तुझे' म्हणणारे आचरेकर सर, सचिनला स्कूटरवर बसवून एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर सामने खेळायला नेणारे सर, हे आता आख्यायिकेचा भाग झाले आहेत. मुझुमदारही त्यांचेच शिष्य.

येथे एक आक्षेप येऊ शकतो आणि तो रास्त आहे. आचरेकर सरांनी सचिनला घडवले, तेव्हा सचिन अकरा-बारा वर्षांचा मुलगा होता. मुलाने शिक्षकाचे ऐकावे यात वाद नाही. वाद आहे तो घडून गेलेल्या, शिखरावर पोहोचलेल्या खेळाडूने खालच्या पायरीवरच्याचे ऐकावे का, याचा. वासूंचे महत्त्व येथेच कळते. कारण त्यांच्याकडे जाणारे बरेच जण आधीच शिखरावर पोहोचलेले असत.

बुद्धिबळात हा वाद जवळजवळ निकाली निघाला आहे. मॉस्कोचे मार्क ड्वोरेत्स्की आयुष्यभर इंटरनॅशनल मास्टर राहिले, ग्रँडमास्टर झाले नाहीत. तरी आर्थर युसुपोव्ह यांच्यासारखे जगातील अव्वल खेळाडू त्यांच्या हाताखाली तयार झाले आणि ग्रँडमास्टर मंडळी त्यांच्याकडे शिकायला जात राहिली. विश्वनाथन आनंदच्या जगज्जेतेपदाच्या लढतींत त्याचे सहायक असलेले पीटर हाइन निल्सन, सूर्यशेखर गांगुली, रुस्तम कासिमजानोव, रादोस्लाव व्होयताशेक हे सारे मानांकनात आनंदच्या खाली होते. निल्सन पुढे मॅग्नस कार्लसनकडे गेले. एकामागून एक दोन जगज्जेत्यांना ज्याच्या सल्ल्याची गरज भासली, तो स्वतः जगज्जेतेपदाच्या जवळपासही कधी नव्हता. डी. गुकेशने २०२४ मध्ये जगज्जेतेपद मिळवले, तेव्हा मानसिक तयारीसाठी त्याने पॅडी अप्टन यांची मदत घेतली होती. अप्टन हे तर बुद्धिबळाच्या क्षेत्रातलेच नव्हेत, क्रिकेटमधले.

बुद्धिबळपटूंचा अहंकार क्रिकेटपटूंपेक्षा लहान असतो, असे कोणी समजू नये. कारण निराळे आहे. तेथे सल्ला पटावर ताबडतोब तपासून पाहता येतो. सहायकाने रात्री एक चाल सुचवली, तर ती चालते की फसते हे तासाभरात कळते. ती कोणी सुचवली याने तिच्यात बळ येत नाही की ती दुबळी होत नाही. क्रिकेटमध्ये सल्ला तपासायला एक डाव, कधी एक मोसम लागतो. तोवर मनुष्य सल्ल्याकडे न पाहता सल्लागाराच्या तोंडाकडे, म्हणजेच त्याच्या कारकिर्दीकडे पाहत राहतो. चेन्नईच्या त्या कर्मचाऱ्याचा सल्ला सचिनला पटला, कारण तो नेटमध्ये अर्ध्या तासात पडताळता येण्याजोगा होता. 'तुझी मानसिकता बदल' असे तो म्हणाला असता, तर कॉफी थंड होण्याआधी विषय संपला असता.

आता थोडे उलट बाजूने पाहू. सल्लागार मोठा असला म्हणजे सल्ला पचतो, असे तरी आहे का? भारतीय क्रिकेटमध्ये याचे उत्तर एका जोडीने दिले आहे, आणि ते फार बोलके आहे. २००३ मध्ये ऑस्ट्रेलिया दौऱ्याच्या काही महिने आधी सौरभ गांगुली गाजावाजा न करता सिडनीला गेला आणि ग्रेग चॅपेल यांच्याकडे त्याने काही दिवस सराव केला. तेथील खेळपट्ट्यांवरचा उसळता चेंडू कसा खेळायचा, क्षेत्ररक्षण कसे लावायचे, हे त्याने समजून घेतले. डिसेंबरमध्ये ब्रिस्बेनच्या पहिल्याच कसोटीत गांगुलीने १४४ धावा केल्या आणि ती मालिका भारताने बरोबरीत सोडवली. या अनुभवामुळेच २००५ मध्ये चॅपेल यांना भारताचे प्रशिक्षक करावे, असा आग्रह गांगुलीने धरला. ते आले. चार महिन्यांत, झिम्बाब्वेच्या दौऱ्यावर, त्यांनी गांगुलीला कर्णधारपद सोडण्याचा सल्ला दिला. मंडळाला पाठवलेले त्यांचे ई-मेल फुटले. पुढचा इतिहास २००७ च्या विश्वचषकात साखळीतच बाहेर पडण्यापर्यंत येऊन थांबतो.

माणसे तीच होती. चॅपेल यांच्या ८७ कसोटी आणि २४ शतके २००३ मध्ये जेवढी होती, तेवढीच २००५ मध्येही होती. त्यांची नजरही बहुधा तीच असावी. कर्णधाराची फलंदाजी तेव्हा खरोखरच घसरली होती, हे त्यांचे निरीक्षण तर सरसकट चुकीचेही नव्हते. बदलले होते ते एकच. सिडनीत चॅपेल यांच्या हाती गांगुलीचे काही नव्हते. सल्ला घ्यायचा की टाकायचा हे गांगुलीने ठरवायचे होते. झिम्बाब्वेत त्याच तोंडून आलेल्या वाक्यामागे संघनिवडीचा अधिकार उभा होता. त्या क्षणी सल्ल्याचा हुकूम झाला, आणि हुकमाला माणूस निराळ्या कानाने ऐकतो.

माझ्या मते संपूर्ण वादाचे मर्म येथे आहे. कुशल खेळाडूला खुपते ते सल्लागाराचे लहानपण, असे आपण समजतो. खुपते ती त्याची सत्ता, आणि लहानपण हे तिला झिडकारण्याचे सोयीस्कर हत्यार असते. सल्लागार मोठा असला तर दुसरे हत्यार सापडते. २०१७ मध्ये ते सापडले. अनिल कुंबळे यांच्या ६१९ कसोटी बळींविषयी कोणी शंका घेऊ शकत नव्हते. त्यांच्या कारकिर्दीत भारताने १७ पैकी १२ कसोटी जिंकल्या आणि फक्त एक गमावली. तरीही चॅम्पियन्स करंडकाच्या अंतिम सामन्यानंतर दोन दिवसांत त्यांनी राजीनामा दिला. आपल्या 'शैली'विषयी कर्णधाराचे आक्षेप असल्याचे मंडळाकडून कळल्याचे त्यांनी स्वतःच जाहीर केले. तेथे कोणी 'तुम्ही किती खेळलात?' असे विचारू शकत नव्हते, म्हणून शैली विचारली गेली. तोच विराट कोहली संघाला सरावात चेंडू टाकणाऱ्या राघवेंद्रला आपल्या प्रगतीचे श्रेय जाहीरपणे देतो. वेगवान चेंडूपुढे पाय कसा हलतो, बॅट कुठून येते, यावर राघवेंद्रची बारीक नजर असते, असे कोहलीने सांगितले आहे. राघवेंद्रच्या हाती कर्णधाराचे काहीच नाही.

महिला संघाने हे चटके अधिक सोसले आहेत. २०१७ च्या विश्वचषकात लॉर्ड्सवर अंतिम सामना अवघ्या नऊ धावांनी हरलेल्या संघाचे प्रशिक्षक तुषार आरोठे होते. बडोद्याकडून दीर्घ काळ खेळलेले, भारताकडून न खेळलेले. पुढच्याच वर्षी वैयक्तिक कारण देऊन त्यांनी पद सोडले. ज्येष्ठ खेळाडू त्यांच्या पद्धतीवर नाराज असल्याच्या बातम्या तेव्हा प्रसिद्ध झाल्या होत्या. त्यांच्या जागी आलेले रमेश पोवार दोन कसोटी आणि ३१ एकदिवसीय सामने खेळले होते. नोव्हेंबर २०१८ मध्ये वेस्ट इंडीजमधील ट्वेन्टी-२० विश्वचषकात इंग्लंडविरुद्धच्या उपांत्य सामन्यातून मिताली राज वगळली गेली. त्याआधी तिने त्याच स्पर्धेत लागोपाठ दोन अर्धशतके केली होती. सामना भारत हरला. मितालीचे मंडळाला लिहिलेले पत्र आणि पोवार यांचा अहवाल, दोन्ही वृत्तपत्रांतून सर्वांनी वाचले.

ट्वेन्टी-२० च्या पहिल्या सहा षटकांत मितालीने अधिक वेगाने धावा करायला हव्यात, हे मत काही अडाणीपणाचे नव्हते. क्रिकेटच्या दृष्टीने त्यावर चर्चा होऊ शकली असती. पण जिच्या नावावर महिलांच्या एकदिवसीय क्रिकेटमधील सर्वाधिक धावा होत्या, तिला ते उपांत्य सामन्याच्या संघातून वगळून कळणार असेल, तर चर्चेला जागाच उरत नाही. उल्लेखनीय गोष्ट अशी, की त्या वादात हरमनप्रीत आणि सांगलीची स्मृती मानधना यांनी पोवार यांनाच कायम ठेवावे, अशी पत्रे मंडळाला लिहिली होती. म्हणजे मोठ्या खेळाडूंना कमी खेळलेला प्रशिक्षक नको असतो, हे सरसकट विधानही टिकत नाही. त्याच संघातील दोघींना तो हवा होता आणि तिसरीला नको होता.

मुझुमदार यांच्याकडेही सत्ता होतीच. २०२५ च्या विश्वचषकात इंग्लंडविरुद्ध इंदूरच्या सामन्यात एक जादा गोलंदाज खेळवण्यासाठी जेमिमा रॉड्रिग्जला वगळण्यात आले. भारत तो सामना चार धावांनी हरला. धावांचा पाठलाग करताना एक फलंदाज कमी पडल्याचे सर्वांना दिसत होते. हे प्रकरण २०१८ च्या वळणावर सहज जाऊ शकले असते. पण पुढच्याच सामन्यात जेमिमा परतली, तिला तिसऱ्या क्रमांकावर पाठवण्यात आले आणि तिने न्यूझीलंडविरुद्ध नाबाद ७६ धावा केल्या. उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाविरुद्ध पुन्हा तिसरा क्रमांक. तो तिला फलंदाजीला उतरण्याच्या काही मिनिटे आधी कळला, असे तिनेच नंतर सांगितले. त्या सामन्यातील नाबाद १२७ धावांनी भारत अंतिम फेरीत गेला. संघव्यवस्थापनाने आपली चूक चार दिवसांत दुरुस्त केली, एवढे तरी यावरून म्हणता येते. वगळण्याचा निर्णय बरोबर होता म्हणून जेमिमा खेळली, असे मात्र म्हणता येत नाही. विजयानंतर प्रशिक्षकाचा प्रत्येक निर्णय दूरदृष्टीचा ठरवण्याची घाई आपण वार्ताहर नेहमीच करतो.

न खेळलेल्याच्या सल्ल्यालाही मर्यादा आहेत, हे मान्य करायला हवे. ताशी दीडशे किलोमीटर वेगाने अंगावर येणारा चेंडू सोडताना मनात काय होते, किंवा अंतिम सामन्यात पन्नास हजार लोक एकदम गप्प होतात तेव्हा हात का जड होतो, हे पुस्तकात वाचून सांगता येत नाही. तेथे ज्याने ते भोगले आहे त्याचाच शब्द चालतो. गॅरी कर्स्टन यांच्यामागे १०१ कसोटींचा अनुभव होता. २०११ च्या विश्वविजेत्या संघाला त्याचा उपयोग झाला नाही, असे कोण म्हणेल? पण त्या संघातील खेळाडू कर्स्टन यांच्याविषयी बोलतात, तेव्हा त्यांच्या शतकांपेक्षा अधिक वेळा उल्लेख येतो तो नेटमध्ये तासन्‌तास चेंडू टाकत राहिल्याचा.

दुसरी मर्यादा संख्येची. शिवाजी पार्कवर किंवा आझाद मैदानावर कोणत्याही संध्याकाळी जाऊन पाहावे. जाळीच्या एका बाजूला प्रशिक्षक असतो आणि दुसऱ्या बाजूला मोबाइलवर चित्रीकरण करणारे वडील. घरी गेल्यावर ते चित्रीकरण काका पाहतात, शेजारी पाहतात, इंटरनेटवरचा कोणी तज्ज्ञही पाहतो. चौदा वर्षांच्या मुलाला आठवड्यात पाच जण बॅट पकडण्याच्या पाच पद्धती सांगतात. पाचही कदाचित बरोबर असतील. सचिनने त्या कर्मचाऱ्याचे ऐकले, म्हणून या मुलानेही सर्वांचे ऐकावे, असा धडा कोणी घेत असेल तर तो घातक आहे. सचिनला कोणता सल्ला उचलायचा आणि कोणता हसून सोडून द्यायचा, हे कळत होते. ते कळेपर्यंत एकाच सरांचे ऐकावे, ही मैदानावरची जुनी रीत उगीच पडलेली नाही. थोडक्यात, लहानाचा सल्ला घेणे हे मोठ्या खेळाडूलाच परवडते. ज्याला त्याची सर्वांत कमी गरज आहे असे आपल्याला वाटते, नेमका त्यालाच तो पचतो.

सचिनच्या बाबतीत हा सल्लागार घरातच होता. थोरला भाऊ अजित क्लब पातळीवरचे क्रिकेट खेळला, त्याने धाकट्याला आचरेकर सरांकडे नेले आणि पुढची २९ वर्षे त्याच्या प्रत्येक डावाविषयी तो त्याच्याशी बोलत राहिला. या काळात दोघांच्या क्रिकेटमधील अंतर किती वाढले, हे सांगायला नको. नोव्हेंबर २०१३ मध्ये वानखेडेवर आपल्या अखेरच्या कसोटीत सचिन ७४ धावांवर बाद झाला. भारताला पुन्हा फलंदाजी करावी लागण्याची शक्यता नगण्य होती. दुसऱ्या दिवशी निरोपाच्या भाषणात सचिनने सांगितले, की काल रात्री अजितचा फोन आला होता आणि आपण बाद कसे झालो यावर दोघांनी चर्चा केली.